मंजिरीला हात लावू नका

बच्छाव सरांविषयी मी आजवर चार लोकांत एकदाही बोलले नाही. त्यांच्या निरोप समारंभात नाही आणि पुढे शोकसभेतही नाही. लोकांना वाटलं, बाईंना भरून आलं असेल. भरून वगैरे काही आलं नव्हतं. मला राग होता, आणि रागावलेल्या माणसाने शोकसभेत तोंड उघडू नये एवढं मला कळत होतं. राग अजून आहे. पण आता माझंही वय झालं, आणि सर कसे होते हे सांगणारं दुसरं कुणी उरलेलं दिसत नाही.

एक्याण्णव साली मी त्या शाळेत मराठी शिकवायला लागले. शाळा सातपूरला, कारखान्यांच्या इतकी जवळ की पाळी सुटल्याचा भोंगा झाला की मुलं दप्तरं आवरायला घेत. आमच्या घंटेला तेवढा मान नव्हता. पहिल्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत पाऊल टाकलं तर कापराचा वास. मला वाटलं, कसली तरी पूजा असेल. चौकशी केली तर सगळ्यांनी कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बोट दाखवलं. तिथे एक उंच, जरा पोक काढून बसलेले गृहस्थ वह्या तपासत होते, तेच शास्त्राचे बच्छाव सर. सदरा पांढरा, पण खिसा हिरवट. खिशात पेनाच्या जागी पानं कोंबलेली.

"कापूरतुळस," ते मान वर न करता म्हणाले. "डास येत नाहीत. मुख्याध्यापकही जास्त वेळ जवळ थांबत नाहीत."

शाळेच्या मागच्या भिंतीला लागून त्यांनी या तुळशीची रांगच्या रांग वाढवली होती. कमरेच्या वर गेलेली झुडपं, राखाडी हिरवी लवदार पानं आणि शेंड्यांना पांढुरक्या फुलांच्या लांब मंजिऱ्या. वृंदावनातल्या तुळशीपेक्षा ही दांडगी. एकदा मूळ धरलं की पाच-सहा वर्षं जागची हलत नाही. मधल्या सुट्टीत तिथून जाताना मी चार मंजिऱ्या खुडल्या. वाईट हेतूने नाही. मंजिऱ्या ठेवल्या तर तुळस लवकर म्हातारी होते, त्या खुडत राहावं, हे आईने मला शिकवलं होतं. तुळस दिसली की माझी बोटं आपोआप चालायची.

"मॅडम," मागून आवाज आला, "कुणाचं ताट उचललंत ते पाहिलं का?"

त्यांनी मला घंटा होईपर्यंत तिथे उभं केलं. एकेका मंजिरीवर दोन-दोन, तीन-तीन मधमाश्या होत्या. मी खुडलेल्या रिकाम्या देठाशी एक माशी आली, घिरट्या घालून गेली, पुन्हा आली. "रोजची आहे ती," सर म्हणाले. "उद्यापण येईल बघायला." त्या एवढ्याशा माशीची मला जी लाज वाटली ती सांगता येणार नाही. त्या दिवसानंतर घरच्या तुळशीच्या मंजिऱ्याही मी खुडल्या नाहीत, आणि सासूबाईंची बोलणी खाल्ली.

भिंतीवर त्यांनी चुन्याने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: मंजिरीला हात लावू नका. एकादशीला आजूबाजूच्या बायका तुळस न्यायला येत. सर स्वतः फाटकाशी उभे राहून त्यांना ओंजळीओंजळीने पानं देत, पण मंजिरी एकही नाही. एका आजीने विचारलं, देवाला मंजिरी लागते, तिचं काय? सर म्हणाले, "देव पानावर भागवतो, आजी. माशीचं तसं नसतं." आजी पुटपुटत गेल्या, पण पुढच्या एकादशीला पुन्हा आल्या.

सर मूळचे सटाण्याकडचे. शाळेत स्वच्छ मराठी बोलत. फार खूश झाले किंवा फार हलले की मात्र घरची अहिराणी बाहेर पडे. बी उगवलं की हमखास पडे. दर पावसाळ्याच्या आधी ते नवीन रोपं करत, आणि ती बियांपासूनच. आम्ही म्हणायचो, एवढी झाडं आहेत, फांद्या तोडून लावा की. ते नाही म्हणत. "फांदी लावली तर तेच झाड दुसरीकडे जाऊन बसतं. बी लावलं तर नवीन येतं. कोणतं लवकर फुलेल, कोणतं थंडीत तग धरेल, ते आपल्याला आधी माहीत नसतं. हीच तर मजा आहे."

बी म्हणजे खसखशीहून बारीक काळे कण. फोटो स्टुडिओतून मागून आणलेल्या फिल्मच्या डब्यांत ते ठेवलेलं असे. पेरायच्या दिवशी नववीचा अख्खा वर्ग व्हरांड्यात. तेलाचे पत्र्याचे डबे आडवे कापून केलेल्या तबकांत चाळलेली माती, बियांत मूठभर बारीक वाळू मिसळायची, आणि चिमटीने भुरभुरवायचं. मुलांचा हात सवयीने माती ओढायला जाई. सर तो हात धरत. "झाकायचं नाही. ह्याला उजेड लागतो. शेतात पेरतात तसं पेरलंत तर गाडून टाकाल." पाणीसुद्धा वरून नाही. तबक परातीतल्या पाण्यात ठेवायचं, खालून ओल चढू द्यायची. आठव्या-दहाव्या दिवशी मातीवर हिरवी साय धरल्यासारखं दिसे. सर वर्गात कुणाला काही न सांगता शिपाई धोंडूमामांना बोलावून आणत, आणि दोघं म्हातारे वाकून बघत बसत. "उगी गयं, धोंडू," सर म्हणत. उगवलं म्हणून. दरवर्षी तेवढंच.

त्यांच्या फळ्याबद्दल सांगितलं नाही तर सर कळायचे नाहीत. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात ते एक चौकोन आखून ठेवत. वर मथळा: माझी चूक. काल वर्गात बेडकाच्या हृदयाला चार कप्पे सांगितले, तीन असतात. परवा आठवीच्या वहीत बरोबर उत्तराला काट मारली. मुलाची माफी मागितली. मुख्याध्यापकांना हा प्रकार मुळीच आवडत नसे. शिक्षकांचा मान जातो म्हणत. पण मुलं सरांवर जीव टाकत ती त्या चौकोनामुळे. खरं सांगायचं तर मीही. माझ्या माहेरी, सासरी, शाळेत, कुठेही कुणा पुरुषाने आपली चूक स्वतःहून लिहून ठेवलेली मी पाहिली नव्हती.

आणखी एक त्यांचं ठरलेलं वाक्य होतं: एकदा पाहिलं ते पाहिलं नाही. मुलाने सांगितलं, सर, चिमणीने पोळी खाल्ली, की हे म्हणत, एकदा पाहिलं ते पाहिलं नाही, उद्या पुन्हा बघ. आम्हीही ते वाक्य थट्टेत वापरायचो. पगार उशिरा झाला की म्हणायचो, एकदा उशीर झाला तो झाला नाही. पुढे तेच वाक्य माझ्या तोंडावर येणार आहे याची मला काय कल्पना.

मागच्या भिंतीत, जुन्या पाण्याच्या टाकीखालच्या पोकळीत, सातेरी माश्यांची वसाहत होती. या माश्या आग्या मोहोळासारख्या तापट नसतात, अंधाऱ्या भोकात गुपचूप संसार करतात. चार वर्षं कुणाला काही झालं नाही. मग तपासणीला साहेब आले. त्यांना तुळशीची रांग फार आवडली. भिंतीवरचं वाक्य मोठ्याने वाचून ते हसले, आणि वाचून झाल्यावर एक मंजिरी तोडून कानामागे ठेवली. मंजिरीवर माशी होती. साहेबांचा कान पापडासारखा फुगला. सर धावले ते साहेबांकडे नाही, माशीकडे. ती मेलेली पाहून त्यांचा चेहरा पडला आणि साहेबांनी तो चेहरा पाहिला. आठवड्यात लेखी हुकूम आला, माश्यांचा बंदोबस्त करा. मुख्याध्यापक म्हणाले, धूर करून जाळून टाकू.

तेव्हा मी मध्ये पडले. दिंडोरीच्या पुढे, वणी रस्त्याला माझ्या दादाची शेती. त्याला माश्या हव्याच होत्या. सगळीकडे द्राक्षबागा झाल्या, फवारणीमुळे माशी दिसेनाशी झाली होती, वेलवर्गीय भाज्या धरत नव्हत्या. मी म्हटलं, सर, आमच्याकडे न्या. दोन दिवस खपून त्यांनी पोकळीतलं एकेक पोळं कापून लाकडी पेट्यांत बांधलं, आणि एका संध्याकाळी माश्या घरी परतल्यावर पेट्यांची तोंडं जाळीने बंद करून आम्ही टेम्पोने त्या दादाकडे नेल्या. वाटेत सर पेटीला कान लावून बसले होते.

दादाचं आणि त्यांचं लगेच जमलं. दर रविवारी सर एसटीने यायला लागले. डब्यात भाकरी नसे, रोपं असत. दोन पावसाळ्यांत दादाच्या बांधावर कापूरतुळशीचं कुंपण उभं राहिलं, शाळेतल्यापेक्षा तिप्पट लांब. वहिनी म्हणायची, "ताई, तुमच्या सरांनी आमच्या घराचं देऊळ केलं. कुठूनबी या, कापूर." भोपळे धरले, दोडके धरले. दादा गावभर सांगत सुटला की माझ्या बहिणीच्या सरांनी माशी आणली.

आता कांद्याचं सांगायला हवं.

आमचे वडील, आबा, घरचंच कांद्याचं बी धरायचे. काळपट लाल, घट्ट, एका डोळ्याचा, म्हणजे आत एकच गाभा असलेला कांदा. कांदाचाळीत दिवाळीपर्यंत टिकायचा. गावात त्याला आमच्या आडनावावरून निकमांचा कांदा म्हणत. आबा अंथरुणाला खिळल्यावर दादाने घाईगर्दीत दुकानातलं पुडीचं बी आणलं. एक वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं. घरचं बी संपलं. आबांनी अंथरुणातून एकदा विचारलं, आपलं बी हाय ना? दादा म्हणाला, हाय. आबा गेले ते असं समजून की बी आहे. दादाला ते फार लागलं होतं. पुढे कळलं की पेठकडच्या डोंगरात आमच्या यमुना आत्याने आबांचं बी घरापुरतं राखलं आहे. आत्या थकली, मुलाकडे राहायला निघाली, आणि जाताना तिने पाटीत घालून साठ कांदे दादाच्या हवाली केले. जगात तेवढेच होते. दादा ती पाटी मांडीवर घेऊन बसने घरी आला.

कांद्याचं बी धरायचं तर निवडलेला कांदा थंडीच्या सुरुवातीला पुन्हा जमिनीत लावावा लागतो. माघात त्याला उभे दांडे येतात, आणि दांड्याच्या टोकाला पांढऱ्या फुलांचा चेंडूएवढा गोंडा. आमच्याकडे त्यांना डेंगळे म्हणतात. गोंड्यावर माशी बसली तर बी भरतं, नाही बसली तर नुसतं फोलपट. आणि लावलेला कांदा परत मिळत नाही. तो बियात तरी जातो, नाहीतर मातीत.

दिवाळीत दादा मला म्हणाला, "शालू, सरांना विचार. साठच्या साठ कुंपणालगत लावू का ओढ्यापलीकडं? आबांचे हायेत. चुकायला नको."

सुट्टी संपल्यावर मी शाळेत सरांना विचारलं. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मग म्हणाले, "कुंपणालगतच लावा म्हणावं. माशीला जवळ पडेल."

मी तोच निरोप दादाला दिला. माझ्या तोंडून गेला तो.

माघात मी दोनदा गेले. कुंपण पांढुरकं झालं होतं, आणि त्याचा असा काही गुणगुणाट होता की बांधावर उभं राहिलं तर दादाला ओरडून बोलावं लागे. शेजारी साठ कांद्यांचे गोंडे टरारून उभे. "माशी लय हाय यंदा," दादा म्हणाला, आणि त्याने टोपी काढून डोकं खाजवलं, ते तो खूश असला की करतो. आम्ही दोघांनी आवाज ऐकला आणि काम चाललंय असं समजलो. वाकून एका गोंड्यावर किती माश्या आहेत ते आमच्यापैकी कुणी पाहिलं नाही. मी तर मधमाश्या मोजायला शिकलेली बाई. मीही नाही.

चैत्रात दादाने गोंडे कापले, वाळवले. पहिला गोंडा तळहातांत चोळून त्याने फुंकर मारली. तळहात रिकामा. दुसरा चोळला. तिसरा. वहिनी सूप घेऊन उभी होती ती तशीच उभी राहिली. साठ कांद्यांचं मिळून काडेपेटीत मावेल एवढं बी निघालं, त्यातलंही बरंचसं पोचट. विहिरीवर जाऊन दादाने हातपाय धुतले आणि आबांच्या फोटोकडे पाठ करून जेवायला बसला. पावसाळ्यात मी भीत भीत विचारलं, त्या बियाचं काय झालं? "पेरलं," तो म्हणाला. "काय उगवलं नाय." मी पुन्हा विचारलं नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. धोंडूमामा मागचं तण काढत होते. मी त्यांना कांद्याची हकिगत सांगितली. ते सहज म्हणाले, "इथंबी तसंच झालं व्हतं की, बाई, मागल्या साली. सरांनी दहा कांदे लावले व्हते तुळशीच्या पुढ्यात. रोज मोजत बसायचे. मला म्हणले, धोंडू, बघ, बाहेरून येत्यात त्या समद्या माश्या तुळशीवर. कांद्याकडं एक फिरकत नाय."

मी पाहिले होते ते दहा कांदे. त्यांचे सुके गोंडे उन्हाळाभर तिथे उभे होते, आणि त्यांच्याजवळून मी रोज ये-जा केली होती.

सर प्रयोगशाळेत एकटेच होते. मी दार लावून घेतलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी हातातली परीक्षानळी स्टँडमध्ये ठेवली. कशाबद्दल, असं त्यांनी विचारलं नाही, एवढं त्यांचं मोठेपण मी आजही मान्य करते.

"एकदा पाहिलं ते पाहिलं नाही, मॅडम," ते म्हणाले. सवयीने तोंडातून गेलं, आणि गेल्यावर त्यांचं त्यांनाच कसंसं झालं.

"दुसऱ्यांदा बघायला माझ्या आबांचे कांदे हवे होते?"

त्यांनी चष्मा काढून हातात धरला. मग म्हणाले, "सांगितलं असतं तर दादांनी कुंपण कापलं असतं. कुणीही कापेल. माघात तिथे दुसरं फूल नसतं. पेट्या नुकत्या कुठे भरत होत्या. मला वाटलं, साठच कांदे, एवढी माशी, दोघांचं भागेल."

"कापायलाच लागलं असतं का? काही दुसरं नव्हतं करण्यासारखं?"

"होतं," ते म्हणाले. "मंजिऱ्या खुडायच्या. गोंडे फुलले की तीन आठवडे. तुळशीवर काही नसलं की माशी कांद्यावर जाते. तुळस महिन्याभरात परत फुलते."

तीन आठवडे.

"मना जीव तठे अडकेल व्हता," ते खाली बघत म्हणाले. त्यांचा जीव तिथे अडकला होता.

"आबांचा जीव कशात अडकला होता तेही तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं. "मी सांगितलं होतं तुम्हाला. आणि निरोप माझ्याकरवी पाठवलात." मग मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. शेवटी दाराशी जाऊन म्हटलं, "उद्या फळ्यावर लिहा."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्यांच्या वर्गावरून गेले. चौकोन आखलेला होता, मथळा होता, खाली काही नव्हतं. पुढे मथळाही गेला. निवृत्त होईपर्यंत त्या कोपऱ्यात त्यांनी काही लिहिलं नाही. मुलांना वाटलं, सर आता चुकत नाहीत.

चार वर्षं आम्ही एका खोलीत बसलो. वेळापत्रक, तास बदलून देणं, पेपर तपासणी, एवढंच बोलणं. त्यांनी दोनदा काही म्हणायचा प्रयत्न केला. मी वही उघडून बसले. लोक म्हणतील, कांद्यासाठी एवढं? कांद्यासाठी नाही. ज्या माणसाने मला एका माशीची लाज वाटायला लावली, त्याने मला अंधारात ठेवून माझ्याच भावाच्या घरी पाठवलं होतं. माझ्या राग धरण्यात दादाची बाजू घेणंही होतं. तो साधा माणूस, तो कुणाला बोलणार नाही, म्हणून त्याच्या वाटचंही मीच धरून ठेवलं होतं. माघात माहेरी जाणं मी सोडून दिलं. ते पांढरं कुंपण मला बघवत नव्हतं. दादाने ते तोडलं कसं नाही, याचं नवल वाटायचं, पण तेही मी कधी विचारलं नाही.

सर निवृत्त झाले. त्यानंतर दोनेक वर्षांनी माझ्या मुलीचं लग्न ठरलं. पहिली पत्रिका मामाला. शाळेला स्थानिक सुट्टी होती, मंगळवार होता, दिवस माघाचे. फोन न करता मी वणीच्या बसमध्ये बसले.

फाट्यावर उतरून चालत गेले तर वहिनी ओट्यावर चहा गाळत होती. तिने मला पाहिलं आणि तिच्या हातातली गाळणी तशीच राहिली. माझ्यामागे कोण आहे का बघावं तसं तिने रस्त्याकडे पाहिलं. समोरच्या ताटलीत तीन कप होते.

"कोण आलंय?" मी विचारलं.

उत्तर द्यायच्या आधी तिची नजर बांधाकडे गेली. म्हणून मीही पाहिलं. कुंपण अर्धं पांढुरकं, अर्धं हिरवं. जिथे रंग बदलत होता तिथे एक उंच, पोक आलेला माणूस कमरेला पाटी बांधून उभा होता. दोन्ही हातांनी मंजिऱ्या खुडत होता. डोकं आता पूर्ण पांढरं झालं होतं. ओढ्यापलीकडे, दोन वाफ्यांत, कांद्याचे गोंडे फुलले होते.

दादा गोठ्यातून आला. तो मला भ्याला, हे माझ्या लक्षात आलं. साठीचा माणूस, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा.

"तू म्हणालास काही उगवलं नाही."

"तवा नव्हतं उगवलं," तो म्हणाला. "मागून अकरा रोपं आली. सर आले व्हते त्याच पावसाळ्यात. समदं सांगितलं त्यांनी, माझ्या पायाशी बसून. म्या काय बोलू? म्हणलं, आता तुम्हीच पेरा, तुम्हीच राखा. तवापासून गोंडं फुलायच्या साली माघात येऊन राहत्यात. समदं कुंपण एकटे खुडत्यात. कुणाला हात लावू देत नाय." मग तो वाफ्यांकडे बघून म्हणाला, "आबांचा तोच हाय असं नाय म्हणणार. रंग जरा फिका पडतो. पण जवळचा हाय."

"आणि मला?"

दादाने टोपी हातात घेतली, पण डोकं खाजवलं नाही. "सर म्हणले, मॅडमचा राग खरा हाय. तो त्यांच्यापाशी राहू द्या."

मी सहा वर्षं ज्याच्यासाठी अबोला धरला, त्याच्या घरी ते भाकरी खात होते. ज्या कांद्यासाठी धरला, तो कांदा ओढ्यापलीकडे फुलला होता. सगळ्यांनी आपापसांत मिटवलं होतं, आणि न मिटलेलं तेवढं माझ्याकडे ठेवलं होतं, कुणाची वस्तू नीट सांभाळायला द्यावी तसं. मला आनंद व्हायला हवा होता. आबांचा कांदा परत आला होता. मी शोधून पाहिलं, आनंद झाला नाही.

"हाक मारू का त्यांना?" दादाने विचारलं.

"नको."

वहिनी चौथा कप आणायला आत गेली. मी पत्रिका ओट्यावर ठेवली, कुंकवाची बोटं वर येतील अशी, आणि निघाले. रस्ता बांधाच्या कडेनेच जातो, दुसरी वाट नाही. सरांनी मला ओळखलं. त्यांचे हात थांबले. पाटी मंजिऱ्यांनी भरली होती, आणि पाटीवरसुद्धा माश्या बसल्या होत्या. त्यांच्या तोंडाची हालचाल झाली, पण मी थांबले नाही, म्हणून ते काय म्हणाले ते मला माहीत नाही. वळणावर मी एकदा मागे पाहिलं. ते पुन्हा खुडायला लागले होते. अजून निम्मं कुंपण बाकी होतं.